बोनमॅरोनंतरचा ईसीपी प्रकाशोपचार: गावाकडच्या आई-बापांचे नेहमीचे प्रश्न

ज्यांच्या लेकराचं बोनमॅरो प्रत्यारोपण झालंय आणि आता डॉक्टरांनी "ईसीपी करावं लागेल" (म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना प्रकाश देऊन परत चढवणं) असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे पान आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट अशा भागांतून मोठ्या शहरातल्या केंद्रात जाऊन-येऊन हा उपचार घ्यायचा म्हटला की दवाखान्यातल्या चार तासांपेक्षा आधीच्या आणि नंतरच्या दोन दिवसांतच जास्त गोष्टी बिघडतात. म्हणून त्या दिवसांवर इथं जास्त भर दिला आहे. गावातले डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंनाही हे वाचायला द्या. औषधांचे डोस आणि तारखा मात्र तुमच्या केंद्राच्या कागदावर असतील त्याच पाळा.

आमच्या लेकराचं सिकलसेल प्रत्यारोपणानं गेलं. मग अंगावर चट्टे आणि जुलाब कशाचे?

दात्याच्या मज्जेतून लेकराला नवं रक्त मिळतं, आणि त्याबरोबर दात्याच्या टी-पेशीही येतात. या पेशींचं काम परक्याला ओळखून मारणं. कधी कधी त्या लेकराची कातडी, आतडी आणि लिव्हर हेच परकं समजतात आणि त्यावर तुटून पडतात. याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि ईसीपी त्याच्यासाठीच करतात. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची एचएलए (पेशींवरची ओळखीची खूण) पूर्ण जुळलेली असली तरी हे होऊ शकतं. तुमची काही चूक झाली म्हणून, पथ्य मोडलं म्हणून किंवा दात्या भावंडाच्या रक्तात दोष होता म्हणून हे झालेलं नाही. दाता झालेल्या लेकरालाही हे नीट समजावून सांगा, कारण ते मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतं.

एक फरक ध्यानात ठेवा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये थोडा जीव्हीएचडी कधी कधी उरलेल्या कॅन्सरपेशी मारायला मदत करतो. सिकलसेल, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमियात त्याचा काहीच फायदा नाही. तिथं तो पूर्ण आटोक्यात आणणं हेच उद्दिष्ट असतं.

घरी आजार वाढतोय की कमी होतोय हे कसं ओळखायचं?

डोळ्यांच्या अंदाजावर राहू नका, मोजा.

कातडीसाठी लेकराचा स्वतःचा तळहात हे माप. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. चट्ट्यांवर किती तळहात मावतात ते मोजा. २५ च्या आत, २५ ते ५० आणि ५० च्या वर असे टप्पे डॉक्टर मानतात. फोटो रोज त्याच जागी, त्याच उजेडात काढा. दारातल्या सावलीत सकाळचा फोटो सगळ्यात खरा येतो. पिवळ्या बल्बखाली सगळंच तांबडं दिसतं.

जुलाब किती वेळा झाले यापेक्षा किती मिलीलिटर झाले हे महत्त्वाचं. खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं वापरा. डायपर असेल तर छोट्या डिजिटल काट्यावर कोरडा आणि ओला दोन्ही तोला. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलीलिटर. दिवसभराच्या एकूण आकड्याला लेकराच्या वजनानं भागा. किलोमागे १० ते २० मिलीलिटर हा पहिला टप्पा, २० ते ३० दुसरा, ३० च्या वर तिसरा. म्हणजे १४ किलोच्या लेकराला दिवसात २८० मिलीलिटर जुलाब झाले की ते दुसऱ्या टप्प्यात गेलं. रक्त दिसलं किंवा पोट फुगून खूप दुखत असेल तर आकडा न पाहता फोन करा.

डोळे पिवळे होणं, तोंडात पांढऱ्या जाळीसारखे व्रण, डोळे कोरडे पडणं, कातडी ताठ होऊन कोपर किंवा बोटं पूर्ण न उघडणं, पायऱ्या चढताना नव्यानं दम लागणं हेही लिहून ठेवा. शेवटची दोन लक्षणं हळूहळू येतात, म्हणून सुटून जातात.

ईसीपी म्हणजे नेमकं काय करतात?

लेकराचं थोडं रक्त नळीतून मशीनमध्ये घेतात. मशीन ते गरागरा फिरवून पांढऱ्या पेशींचा पातळ थर वेगळा काढतं. लाल पेशी आणि प्लाझ्मा परत अंगात जातात. पांढऱ्या पेशींच्या पिशवीत ८-मेथॉक्सिसोरालेन हे औषध घालतात. ते एरवी निरुपद्रवी असतं. अल्ट्राव्हायोलेट-ए प्रकाश पडला की मात्र पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांना टाके घातल्यासारखं घट्ट बांधून टाकतं. प्रकाश दिल्यावर तीच पिशवी लेकराला परत चढवतात.

ही पद्धत अमेरिकेत रिचर्ड एडेलसन आणि सहकाऱ्यांनी कातडीच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी (कॅन्सरसाठी) वापरली. १९८७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये तिथं तिला मान्यता मिळाली. जीव्हीएचडीसाठी वापर त्यानंतर सुरू झाला.

"लाइट देणे" म्हणजे कॅन्सरवाल्यांचा शेक का? की कावीळ झालेल्या बाळाला पेटीत ठेवतात तसं?

दोन्ही नाही. या उपचारात प्रकाश लेकराच्या अंगाला लागतच नाही, तो फक्त पिशवीतल्या पेशींना लागतो. केस गळत नाहीत, अंग भाजत नाही. लेकरू खाटेवर पडून मोबाइलवर कार्टून बघत असतं आणि दिवे मशीनच्या बंद पेटीत आपलं काम करत असतात.

इतक्या थोड्या पेशींवर प्रकाश टाकून सगळ्या अंगातला आजार कसा थांबतो?

प्रश्न बरोबर आहे. एका वेळी अंगातल्या एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) थोडाच हिस्सा मशीनमध्ये येतो. पण परत गेलेल्या या पेशी पुढच्या १ ते ३ दिवसांत आपोआप, शांतपणे मरतात. अंगातल्या इतर पेशी त्यांचे अवशेष गिळतात आणि त्यातून "हल्ला थांबवा" असा संदेश पसरतो. नियंत्रण करणाऱ्या टी-पेशी वाढतात, सूज वाढवणारी रसायनं कमी होतात. हा परिणाम साचत जातो, म्हणून एक-दोन वेळा करून भागत नाही.

याच्यानं लेकराची प्रतिकारशक्ती आणखी कमी होईल का?

नाही, आणि या उपचारासाठी एवढी धावपळ करण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. स्टेरॉइड आणि इतर औषधं सगळ्याच प्रतिकारशक्तीला दाबतात, त्यामुळे बुरशी, सीएमव्ही हा विषाणू, न्यूमोनिया यांना वाट मिळते. ईसीपी सरसकट दाबत नाही. त्याच्या आधारानं स्टेरॉइड कमी करता येतं, आणि ज्या लेकराचं तोंड सुजलंय, हाडं ठिसूळ होताहेत, उंची थांबलीय त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त, बाकीची औषधं चालू असेपर्यंत जंतुसंसर्गाची काळजी पहिल्यासारखीच घ्यायची.

गावातले वैदू म्हणतात बावची लावा, त्यातही हेच औषध असतं. खरं का?

अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. सोरालेन हे नावच त्या झाडाच्या शास्त्रीय नावावरून आलंय. पांढऱ्या डागांवर बावचीचं तेल लावून उन्हात बसवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण ईसीपीत औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि प्रकाश पिशवीवर मोजून टाकतात. बावचीचं तेल कातडीवर लावून ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि जीव्हीएचडीची कातडी आधीच सोललेली असते. पोटातून घेतलेली बावची लिव्हरलाही त्रास देऊ शकते. लावू नका, पाजू नका. आधी लावली असेल तर न लाजता सांगा, कारण ते माहीत नसेल तर डॉक्टर फोड बघून आजार वाढला असं समजतील.

लेकरू १४ किलोचं आहे. मशीनमध्ये किती रक्त जातं?

लहान मुलांत सगळ्यात जास्त विचार याचाच करावा लागतो. लेकराच्या अंगात किलोमागे साधारण ७५ मिलीलिटर रक्त धरतात. १४ किलोला सुमारे १०५० मिलीलिटर, म्हणजे लिटरभराची पाण्याची बाटली. त्यातलं एका वेळी १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे १०५ ते १५७ मिलीलिटरपेक्षा जास्त, अंगाबाहेर असलं की बीपी पडतं. आणि मोठ्यांसाठी बनवलेल्या मशीनच्या नळ्या-वाटीतच कधी कधी याहून जास्त रक्त मावतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मशीनच्या नळ्या आधीच लाल पेशींच्या पिशवीनं भरून घेणं, म्हणजे लेकराचं रक्त बाहेर गेलं तरी अंगात तूट येत नाही. ही पिशवी इरॅडिएटेड (किरण देऊन लिम्फोसाइट निकामी केलेली) आणि पांढऱ्या पेशी गाळलेलीच असली पाहिजे. साध्या रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइट पेशी अशा लेकरात रक्तामुळे होणारा वेगळा आणि जीवघेणा जीव्हीएचडी करू शकतात. हा नियम गावाकडच्या दवाखान्यात रक्त चढवतानाही लागू आहे. लेकराच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहा: फक्त इरॅडिएटेड रक्त.

दुसरा उपाय म्हणजे मिनी-ईसीपी. अगदी लहान लेकरांत किलोमागे ५ ते ८ मिलीलिटर रक्त पिशवीत काढतात. १४ किलोला ८ च्या हिशेबानं ११२ मिलीलिटर. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पांढऱ्या पेशींचा थर काढतात, सलाइनमध्ये पातळ करून औषध घालतात, प्रकाश देतात आणि सगळं परत चढवतात. मशीनला न जोडताही हे होतं. पेशी कमी मिळतात, पण लेकरू सुरक्षित राहतं.

तुमच्या केंद्रात कोणती पद्धत वापरतात ते विचारा. बंद पद्धतीत वेगळं करणं, औषध, प्रकाश सगळं एकाच मशीनमध्ये होतं. खुल्या पद्धतीत पेशी एका मशीनवर काढून दुसऱ्या पेटीत प्रकाश देतात. त्यात पिशवी उघडझाप होते म्हणून स्वच्छता आणि लेबल यांवर जास्त लक्ष लागतं.

सलाइनच्या सुईनं होत नाही का? छातीत नळी कशाला?

मोठ्या मुलांच्या हाताच्या शिरा चांगल्या असतील तर जाड सुयांवर होतं. लहान लेकरांत शिर तेवढी ओढ सहन करत नाही. प्रत्यारोपणाच्या वेळी घातलेली मऊ हिकमन नळी असली तरी ती बहुतेक वेळा चालत नाही, कारण मशीननं जोरात ओढलं की तिच्या भिंती चिकटतात; रसरशीत उसाचा रस पातळ स्ट्रॉनं ओढला की स्ट्रॉ चपटी होते तसं. म्हणून कडक भिंतीची, दोन वाटांची ॲफेरेसिस नळी घालतात. एका वाटेनं रक्त येतं, दुसरीनं परत जातं.

घरी या नळीची काळजी: ड्रेसिंग ठरल्या दिवशी, ओलं किंवा सुटं झालं तर लगेच. नदी, तलाव, विहिरीवर अंघोळ बंद. दोन्ही टोपणं आणि क्लिप रोज रात्री झोपताना बघा. नळीत थांबवलेलं औषध जास्त ताकदीचं हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) असू शकतं, म्हणून माहिती नसलेल्या कोणालाही त्यातून सलाइन किंवा इंजेक्शन देऊ देऊ नका. ते आधी ओढून काढावं लागतं.

निघण्याआधी घरी काय करायचं?

सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) आधी गावाजवळ करून घ्या. रिपोर्टचा फोटो केंद्राच्या नंबरवर पाठवा आणि "या" असं उत्तर आल्याशिवाय गाडीत बसू नका. प्लेटलेट साधारण २०,००० च्या खाली असतील, पांढऱ्या पेशी १,००० च्या खाली असतील किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी रक्त किंवा प्लेटलेट द्यावं लागतं किंवा तारीख पुढे जाते. अहेरीहून किंवा धारणीहून रात्रभर प्रवास करून पोचायचं आणि तिथं "आज होत नाही" हे ऐकायचं, हे एका ७२ तासांच्या आतल्या रिपोर्टनं टळतं.

आदल्या दिवसापासून पाणी भरपूर द्या. उन्हाळ्यात एसटीतून आलेलं लेकरू सुकलेलं असतं. शिर सापडत नाही, मशीन सुरू झालं की बीपी पडतं. पाणी मर्यादित ठेवायला सांगितलं असेल तर तेवढंच.

आदल्या रात्री आणि त्या सकाळी तेलकट-तुपकट नको. जेवणातली चरबी रक्तात उतरते आणि प्लाझ्मा दुधासारखा गढूळ होतो. मशीनचा प्रकाश-सेन्सर थर ओळखू शकत नाही आणि अल्ट्राव्हायोलेट-ए पेशींपर्यंत नीट पोचत नाही. तर्री-पोहे, आलूबोंडा, सामोसा, सायीचं दूध, खीर, तूप-वरण हे सगळं बंद. बिनतुपाचा वरणभात, ज्वारीची भाकर, इडली, मुरमुरे, केळं चालतं. उपाशी मात्र ठेवू नका. शिरेतून चरबीचं पोषण चालू असेल तर ते कधी थांबवायचं ते केंद्राला विचारा.

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी तपासायची असेल तर सकाळची गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर द्या. बीपीची गोळी त्या दिवशी द्यायची की नाही हे विचारूनच. आणि पपनस खाऊ घालू नका, ते या दोन औषधांची पातळी वाढवतं. आपलं नागपुरी संत्रं वेगळं. ते सोलून, धुतलेल्या हातानं, चालतं.

खाटेवर गेल्यावर काय-काय होतं?

वजन, बीपी, ताप, नळीचे दोन्ही मार्ग चालतात का. मग जोडणी. पहिली १५ मिनिटं वेग कमी. पिवळसर-गुलाबी रंगाची पिशवी हळूहळू भरते. ती जितकी फिकी तितकी चांगली, कारण लाल पेशी प्रकाश शोषून घेतात आणि पांढऱ्या पेशी सावलीत राहतात. पिशवी गडद लाल आली तर तंत्रज्ञ थांबून थर पुन्हा जुळवतात. त्यात वेळ जातो. घाई करू नका म्हणायची वेळ तुमच्यावर येणार नाही, पण "उशीर का" असंही म्हणू नका.

बंद मशीनमध्ये औषधाचा हिशेब ठरलेला आहे. मिलीलिटरमागे २० मायक्रोग्रॅम असलेलं द्रावण, पिशवीतल्या मिलीलिटरला ०.०१७ नं गुणून येईल तेवढं. पिशवीत २४० मिलीलिटर असेल तर ४.१ मिलीलिटर. प्रकाशाची मात्रा चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन ज्यूलच्या आसपास असते. खुल्या पद्धतीत पिशवी खास प्लास्टिकची लागते. साध्या रक्तपिशवीचं प्लास्टिक बराच प्रकाश अडवतं.

सगळं मिळून ३ ते ५ तास धरा. डायपर, पाणी, आवडीचं खेळणं, एक पातळ चादर. रक्त बाहेर फिरताना लेकराला थंडी वाजते, मे महिन्यातही.

त्या वेळी काय बिघडू शकतं?

ओठांभोवती, बोटांत मुंग्या येणं सगळ्यात जास्त दिसतं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरलं असेल तर ते कॅल्शियम बांधून ठेवतं. लहान लेकराला मुंग्या सांगता येत नाहीत. ते एकाएकी चिडचिड करतं, पोट दुखतं म्हणतं, ओकारी काढतं, ओठ चाटत राहतं. लगेच सिस्टरला सांगा. वेग कमी केला, कॅल्शियम दिलं की काही मिनिटांत निवळतं. सायट्रेटऐवजी हेपारिन असेल तर रक्तस्रावावर नजर ठेवतात.

अलार्म बहुतेक वेळा नळी मुडपल्यामुळे वाजतो: लेकरू कुशीवर वळलं, हात वाकवला. रक्त गोठून मशीन मध्येच थांबलं तर नळ्यांतलं रक्त परत देता येत नाही. मोठ्या माणसाला ते सोसतं, १४ किलोच्या लेकराला पिशवी चढवावी लागू शकते. म्हणूनच अशा दिवशी जुळणारं इरॅडिएटेड रक्त तयार ठेवलेलं असतं.

उन्हाचं काय? आमचं घरच उन्हात आहे.

यावर सगळ्यात काटेकोर राहायचं. औषधाचा अंश अंगात राहतो आणि २४ तास कातडी आणि डोळे उन्हाला हळवे होतात. लागोपाठ दोन दिवस उपचार असतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या उपचारानंतर २४ तास होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४८ तास, हा नियम चालू.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर असताना तर ऊन दिसतं. पण अल्ट्राव्हायोलेट-ए डिसेंबरातही असतो, ढगातूनही येतो, आणि खिडकीच्या साध्या काचेतून आरपार जातो. गाडीत बसलो म्हणजे सावलीत बसलो असं नाही. एसटीत, रेल्वेत, जीपमध्ये लेकराला खिडकीपासून दूर, मधल्या बाजूला बसवा, खिडकीवर जाड चादर लावा.

पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट, मोजे, रुंद काठाची टोपी. दुपट्टा दुहेरी घडी करून. विरळ ओढणीतून ऊन झिरपतं, उजेडाकडे धरून बघा, बोटं दिसली तर ती कामाची नाही. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा जास्त आणि अल्ट्राव्हायोलेट-ए अडवणारं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. कातडी सोललेली असेल तर आधी विचारून. चष्मा अल्ट्राव्हायोलेट-ए शंभर टक्के अडवणारा आणि बाजूनं झाकणारा. जत्रेतला काळा चष्मा वाईट: बाहुली मोठी होते आणि किरणं अधिक आत जातात. औषध डोळ्याच्या भिंगाला बांधलं गेलं तर मोतीबिंदूचा धोका असतो.

जमेल तर परतीचा प्रवास रात्रीचा ठेवा. दुसऱ्या दिवसाचा उपचार दुपारी संपला, रात्रीच्या गाडीनं निघालात, तर सकाळी स्टेशनवरून घरी पोचेपर्यंतचंच ऊन सांभाळायचं राहतं. घरी आल्यावर दुपारपर्यंत आतल्या खोलीत. साधी एलईडी किंवा ट्यूबलाइट चालते.

व्होरिकोनॅझोल ही बुरशीची गोळी चालू असेल तर हा नियम २४ तासांचा नाही, रोजचा. ती गोळी कातडी कायम हळवी ठेवते. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकंही कातडी उन्हाला हळवी करतात; गावात कुणी लिहून दिली तर आधी केंद्राला विचारा.

रात्री ताप आला तर?

उपचारानंतर काही तासांत किंचित ताप येऊ शकतो, हे खरं. पण छातीत नळी असलेल्या लेकरात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे नळीतला जंतुसंसर्ग, असंच धरून चालायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा, तिथून केंद्राला फोन लावा. रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) आणि पहिलं अँटिबायोटिक तासाभरात सुरू झालं पाहिजे. नळी वापरल्यावर थंडी वाजून अंग थरथरलं तर तापाचा आकडा न बघता निघा.

किती वेळा करावं लागतं? फरक कधी दिसतो?

नव्यानं झालेल्या तीव्र जीव्हीएचडीत साधारण दर आठवड्याला लागोपाठ दोन दिवस. जुनाट प्रकारात दर एक-दोन आठवड्यांनी दोन दिवस, मग हळूहळू अंतर वाढवत महिन्यावर. तीव्र प्रकारात काही आठवड्यांत, जुनाट प्रकारात तीन महिन्यांनी परिणामाचा पहिला खरा हिशेब होतो. कातडी सगळ्यात चांगली सुधारते. लिव्हर आणि आतड्यांत कमी-जास्त. फुप्फुसांत बऱ्याचदा "आणखी बिघडलं नाही" हेच यश असतं.

म्हणून चौथ्या फेरीनंतर "काहीच फरक नाही" म्हणून सोडून देऊ नका. धानाची रोवणी आली, तेंदूपत्त्याचा हंगाम आला, घरचं माणूस मोकळं नाही, हे सगळं खरं असतं. तारीख चुकणारच असेल तर आधी सांगा, ती सरकवता येते. न सांगता दोन फेऱ्या बुडाल्या की आजार पुन्हा उसळतो आणि स्टेरॉइड वाढवावं लागतं.

बरं वाटतंय, स्टेरॉइड थांबवलं तर चालेल?

एकदम कधीच नाही. महिनोन्महिने स्टेरॉइड घेतलेल्या अंगाला स्वतःचं कॉर्टिसॉल (अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवायची सवय राहत नाही. गोळी एकदम बंद झाली किंवा उलटीत सलग दोन डोस गेले तर बीपी पडून लेकरू निपचित होऊ शकतं. उलटी थांबत नसेल तर दवाखान्यात इंजेक्शन लागतं.

घरी, वाड्यात, शेतावर काय सांभाळायचं?

कुटार, तणीस, शेणखत, जुन्या पोत्यांची धूळ यांत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. मळणी चालू असताना लेकरू तिथं नको, कुटाराच्या खोलीला लागून झोपायलाही नको. बोअरचं असो की विहिरीचं, पाणी खळखळ उकळवा, गार करा, झाकलेल्या गुंडात तोटीनं काढा. शेळ्या-कोंबड्या असू द्या, फक्त त्यांची साफसफाई लेकरानं करायची नाही.

पल्स पोलिओच्या दिवशी आशाताईंना आधीच सांगा: या लेकराला तोंडानं द्यायचे पोलिओ थेंब नकोत, आणि घरातल्या लहान भावंडालाही थेंबांऐवजी इंजेक्शनची लस. थेंबातला जिवंत विषाणू घरातून पसरतो. गोवर, कांजण्यांसारख्या जिवंत लशी प्रत्यारोपणानंतर निदान दोन वर्षं आणि औषधं बंद होईपर्यंत थांबतात.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून लेकरू मिरवणुकीत जायचं म्हणतं. उपचारानंतरचे ते दोन दिवस नसतील, टोपी-मास्क असेल आणि गर्दी सुरू व्हायच्या आधी घरासमोरच बैल फिरवला, तर जाऊ द्या.

खर्च आणि प्रवासाचं कसं करायचं?

पहिल्याच भेटीत सगळ्या अपेक्षित फेऱ्यांचं लेखी अंदाजपत्रक मागा, किट, औषध, रक्त आणि नळी वेगवेगळं लिहिलेलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ईसीपी त्यात बसतं का, वेगळी मंजुरी लागते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी हेच अंदाजपत्रक लागतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक ॲनिमियाच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाची बालसेवा योजना आहे, १० लाखांपर्यंत.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. रेल्वेची सवलत ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर मिळते, ते दवाखान्यातून सुट्टी मिळताना नाही, पहिल्या दिवशीच भरून घ्या. एसटी सवलतीचं जवळच्या आगारात विचारा.

कुणाला ईसीपी करता येत नाही?

सोरालेनची ॲलर्जी, प्रकाशानं वाढणारा आजार, जसं पोर्फिरिया किंवा ल्युपस, डोळ्यातलं भिंग काढलेलं असणं. चालू रक्तस्राव किंवा आटोक्यात नसलेला जंतुसंसर्ग असेल तर आधी तो सांभाळून मग.

आणि यानं नाही झालं तर?

रुक्सोलिटिनिब हे औषध स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या जीव्हीएचडीत वापरतात. अमेरिकेत १२ वर्षांवरच्यांसाठी तीव्र प्रकाराला २०१९ मध्ये आणि जुनाट प्रकाराला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. लहान लेकरांत डॉक्टर वजनानुसार ठरवून देतात. त्यानं प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सीबीसी जास्त वेळा. काही लेकरांत ते आणि ईसीपी दोन्ही सोबत चालतात.

नळी कधी निघते?

शेवटच्या फेरीच्या दिवशी लगेच नाही. अंतर महिन्यावर गेल्यावर, स्टेरॉइड बंद किंवा अगदी कमी झाल्यावरही काही आठवडे आजार गप्प आहे हे पाहून काढतात. तोपर्यंत रोज रात्री टोपणं आणि क्लिप बघायचं चालूच ठेवा. काढल्यानंतर ती जागा ४८ तास कोरडी ठेवा आणि खड्ड्यातून पाणी किंवा पू आला तर दाखवा.